तांबडे तळाला होते तेव्हा

आमच्या घरात फुटबॉल आला तो अप्पांच्या डाव्या हातानं. उजवा हात तेव्हा पोटावर पडून असायचा, दुसऱ्या कुणाचा तरी आणून ठेवल्यासारखा. दवाखान्यातून घरी आणल्यावर दोड्डप्पांनी, म्हणजे अप्पांच्या थोरल्या भावांनी, हॉलमध्ये टीव्हीसमोरच लोखंडी पलंग टाकून दिला होता. माणसाचं मन रमावं एवढाच हेतू. डोक्यात रक्ताची गाठ झाली, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. तोंडातून निघायचा तो नुसता 'आं, आं' असा आवाज. पण रिमोट हातात दिला की डाव्या अंगठ्यानं ते चॅनेल पुढं ढकलत राहायचे. भजन, बाजारभाव, सासू-सुनांच्या मालिका, पुन्हा भजन. असं करता करता एका रविवारी रात्री जेवणं झाल्यावर पडद्यावर हिरवंगार मैदान आलं आणि अंगठा थांबला. माझी आई, तिला आम्ही अव्वा म्हणायचो, ताटं उचलत होती. मालिकेची वेळ झाली म्हणून तिनं रिमोट घ्यायला हात पुढं केला, तर अप्पांनी तो छातीशी धरला आणि 'आं!' करून ओरडले. आजारपणानंतर पहिल्यांदाच त्यांनी कशाला तरी विरोध केला होता. अव्वानं हात मागं घेतला. "बघू दे," ती म्हणाली. "काय लावलंय ते तरी बघू दे."

ती स्पेनमधली लीग होती, तिथली सगळ्यात वरची. मला तेव्हा फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मी अकरावीला होते, आणि फुटबॉल म्हणजे रेल्वे लाइन्सच्या वस्तीतली पोरं धुळीत खेळतात ते, एवढीच माझी माहिती. पडद्यावर एका बाजूला त्या देशातली कुठलीतरी बडी टीम होती आणि दुसऱ्या बाजूला मळकट तांबड्या शर्टातली, जिचं नाव सांगणाराही अडखळत घेत होता. मी ते इथं लिहीत नाही, कारण आमच्या घरात ते कधी वापरलंच गेलं नाही. अव्वानं पहिल्याच दिवशी त्यांना 'तांबडे' म्हटलं आणि तेच राहिलं. तांबडे त्या दिवशी सपाटून मार खात होते. त्यांच्यात एक टक्कल पडलेला, रुंद हाडापेराचा माणूस होता, दंडाला कॅप्टनची पट्टी. कुणाचं तरी कोपर लागून त्याचं डोकं फुटलं, त्याला बाहेर नेलं, आणि थोड्या वेळानं डोक्याला पांढरं बँडेज गुंडाळून तो पुन्हा आत आला. आला तो थेट जमिनीवर आडवा पडला, समोरच्याच्या पायांतून चेंडू काढला आणि प्रेक्षकांत भिरकावून दिला. अप्पांच्या घशातून आवाज निघाला. मी वळून पाहिलं, तर तोंडाची चांगली बाजू हसत होती.

"हे तर तुमच्यासारखंच हाय," अव्वा म्हणाली. "पडलंय, तरी ऐकत न्हाय."

अव्वाच्या माहेरी, अक्कलकोटच्या पलीकडं, तिच्या थोरल्या भावाचं टक्कल असंच चकचकीत होतं. म्हणून तो कॅप्टन आमचा मामा झाला. मामा कुठल्या गावचा, त्याला बायकापोरं किती, यातलं काहीही मला आजतागायत ठाऊक नाही. आता मोबाइलवर दोन अक्षरं टाकली की सगळं बाहेर पडेल, हे कळतं. मी मुद्दामच टाकलेली नाहीत.

अप्पा पडण्याआधी कसे होते ते सांगायला हवं. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं दोरखंडाचं दुकान होतं. गुरांची दावी, बैलांचे कासरे, विहिरीचे दोर, पोती शिवायची सुतळी. दुकानात पाऊल टाकलं की घायपाताचा आणि तागाचा कोरडा वास नाकात शिरायचा, आणि तोच वास अप्पांच्या सदऱ्याला, हातांना, त्यांनी आमच्यासाठी सोललेल्या मोसंबीलासुद्धा असायचा. दोराला हातानं पीळ देऊन बघायची त्यांना सवय. गिऱ्हाइकाशी बोलतानाही बोटं चालू. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पेलणाऱ्यांतले ते एक होते. तो उंच, जड ध्वज कमरेच्या पट्ट्यात तोलून धरताना त्यांच्या मानेच्या शिरा दोरासारख्या दिसायच्या. असा माणूस पलंगावर उताणा, आणि अव्वा त्याला चमच्यानं ताकातल्या कण्या भरवतेय, हे बघायला लोक यायचे. खरंच बघायलाच यायचे. येताना केळी आणायचे, अप्पांसमोर बसून अप्पांबद्दलच बोलायचे, "किती उमदा माणूस होता," म्हणायचे. होता! अव्वा चहा देऊन आत जायची आणि शेंगदाण्याची चटणी कुटायला बसायची. उखळातला मुसळाचा आवाज बाहेरच्या बोलण्यावर चढत जायचा. चटणीला एवढं कुटावं लागत नाही हे मला माहीत होतं. पाहुण्यांनाही थोड्या वेळानं समजायचं.

दोड्डप्पा वाईट नव्हते. हे मी आज, माझेही केस पांढरे व्हायला लागल्यावर, अगदी ठामपणे लिहू शकते. त्यांचा डाळींचा व्यापार होता. दवाखान्यात रात्रंदिवस बसले ते तेच, डॉक्टरांशी भांडले ते तेच, आणि अप्पांच्या दुकानाच्या किल्ल्या ठेवून घेऊन अधूनमधून दुपारी शटर उघडणारेही तेच. पण डॉक्टरांनी मान हलवली तेव्हाच त्यांनी मनातल्या मनात धाकट्या भावाला माती देऊन टाकली होती. मग पलंगावर जो उरला त्याची ते उत्तम काळजी घेत होते. "मल्लूचं आता जेवढं हाय तेवढं हाय," ते सगळ्यांना सांगायचे. "शिवा शिवा. त्याला तरास देऊ नका." व्यायाम शिकवायला एक ताई यायच्या. त्या पाय हलवायला लागल्या की अप्पा डोळे मिटून घ्यायचे आणि दोड्डप्पा म्हणायचे, "असू द्या हो ताई. पडू द्या त्याला निवांत."

निवांत हा शब्द तेव्हापासून मला आवडेनासा झाला.

तांबडे मात्र निवांत नव्हते. ते हरत होते, पण निवांतपणे हरत नव्हते. दर रविवारी त्यांची मॅच टीव्हीवर लागायची असं नाही. बड्या टीमशी गाठ पडली की तेवढे दिसायचे. एरवी त्यांचं काय झालं ते मला माझी मैत्रीण रेश्मा सांगायची. तिचे दोघे भाऊ रेल्वेच्या मैदानावर खेळायचे आणि घरी इंग्रजी पेपर घ्यायचे. सोमवारी कॉलेजच्या फाटकातच ती माझी वाट बघत उभी असायची. "फिर हारे गे तुमारे लाल," ती म्हणायची. "तुम लोगां को दुसरी टीम नै मिली क्या?" ऑफसाइड म्हणजे काय, पेनल्टी कधी देतात, तळाच्या तीन टीमना पुढच्या वर्षी खालच्या लीगमध्ये का जावं लागतं, हे सगळं मी तिच्याकडूनच शिकले आणि घरी येऊन अप्पांना समजावलं. ते माझ्याकडं टक लावून ऐकायचे. तळाला कोण आहे असं विचारल्यासारखं बोट जमिनीकडं करायचे, आणि मी "आपलेच" म्हटलं की नाक फेंदारायचे.

एका मॅचला माझ्या लक्षात आलं की मामा चेंडू मारतो तेव्हा अप्पांच्या चादरीखाली काहीतरी हलतं. डावा पाय असेल, म्हणून मी चादर काढली. डावा नव्हता. उजव्या पायाचा अंगठा होता. मोठं काही नाही, पाल शेपटी हलवते तेवढंच. अव्वाला हाक मारली तर ती पिठाच्या हातांनी धावत आली, आणि नेमकं तेव्हा काहीच हलेना. मामाही हाफटाइमला आत गेला होता. आम्ही दोघी पलंगाच्या पायथ्याशी उकिडव्या बसून त्या पायाकडं बघत राहिलो. खेळ पुन्हा सुरू झाला, मामानं एक चेंडू लांब उडवला, आणि अंगठा हलला. अव्वानं तोंडावर हात ठेवला. पीठ नाकाला लागलं.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या चिंध्यांचा गोळा केला, त्यावर घरात होती ती सुतळी घट्ट गुंडाळली आणि पलंगाच्या कठड्याला तो चेंडू टांगला, अप्पांच्या तळव्याला टेकेल असा. व्यायामाच्या ताईंसमोर डोळे मिटणारा माणूस मॅच लागली की त्या चेंडूला पायानं ढोसायला लागला. आधी अंगठ्यानं, मग चवड्यानं. थंडी पडली, ज्वारी हुरड्याला आली, तोवर चेंडू पलंगाबाहेर झोके घ्यायला लागला होता. याच दिवसांत कधीतरी त्यांनी कण्यांची वाटी डाव्या हातानं बाजूला सारली आणि अव्वाच्या ताटातल्या कडक भाकरीकडं बोट केलं. डॉक्टरांनी मऊच द्यायला सांगितलं होतं. अव्वानं आधी मान हलवली, मग माझ्याकडं बघितलं, मग एक तुकडा मोडून त्यांच्या हातात दिला. केवढा वेळ लागला त्यांना तो चावायला! कुडुम कुडुम आवाज सगळ्या हॉलभर येत होता. अर्ध्या तोंडातून चुरा सांडत होता. पण संपवला त्यांनी. नंतर शेंगा चटणी मागितली, बोटानंच.

दुकानावर पहिल्यांदा आम्ही गेलो ते गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्याच जत्रेत. जनावरांचा बाजार भरलेला आणि आमचं शटर बंद. सात रस्ता चौकाच्या मागच्या गल्लीतलं आमचं घर शोधत शोधत सांगोल्याचा एक म्हातारा धनगर दारात येऊन उभा राहिला. "मल्लूअण्णा हायत का? दावी पायजेत. दुसऱ्याकडची दोन म्हैन्यांत तुटत्यात." आत बघतो तर अण्णा पलंगावर. तो काही "होता" वगैरे म्हणाला नाही. पलंगाजवळ गेला, अप्पांचा डावा हात हातात घेतला आणि म्हणाला, "अण्णा, मेंढरं मोकळी हिंडाय लागलीत की. काय तरी करा." अप्पांनी अव्वाकडं पाहिलं आणि मानेनं दाराकडं खूण केली. अव्वा दोड्डप्पांकडं गेली, किल्ल्या मागून आणल्या आणि जत्रा होईस्तोवर आम्ही दोघींनी दुकान उघडलं. कुठला दोर कशाला लागतो ते अव्वाला ठाऊक होतं. अप्पा जेवताना दुसरं काही बोलायचेच नाहीत. मला काही येत नव्हतं, पण मापायला येत होतं. जत्रा उठल्यावर दोड्डप्पा किल्ल्या घ्यायला आले. "गड्ड्यापुरतं ठीक हाय," एवढंच म्हणाले. अव्वानं पदर सावरत किल्ल्या दिल्या. त्यांच्यासमोर ती कधी डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही आणि वर बघूनही बोलायची नाही.

त्यानंतर तांबड्यांचं आणि आमचं, दोघांचंही बरं चाललं होतं. ते दोन मॅच जिंकले होते. अप्पा दोन उशांना टेकून बसायला लागले होते. बोलणं मात्र नव्हतं. ताई म्हणायच्या, कदाचित येणारच नाही.

पाडवा होऊन गेला. उन्हानं रस्त्याचं डांबर मऊ झालं होतं. स्पेनमध्ये उन्हाळा आला की अख्ख्या देशाची घड्याळं एक तास पुढं सरकवतात, हे आम्हाला कुणाला माहीत असणार? त्यामुळं जेवणानंतर लागणारी मॅच त्या रविवारी जेवणाआधीच लागली. तिकडच्या एका श्रीमंत टीमशी तांबड्यांची गाठ होती, आणि सुरुवातीलाच कुणाच्या तरी पायाला लागून चेंडू आत गेला होता. तांबडे एकानं पुढं! अप्पांचा सुतळीचा चेंडू जोरात हलत होता. मी जमिनीवर बसले होते. तेवढ्यात दार वाजलं आणि दोड्डप्पा आत आले. मॅच लागायच्या आत बोलून घ्यावं असा हिशेब त्यांनी केला असणार. बरोबर एक गृहस्थ होते, इस्त्रीच्या कपड्यांतले, हातात पेढ्यांचा पुडा. त्यांचं मोबाइलचं दुकान होतं आणि त्यांना बाजाराच्या रस्त्यावर दुसरं काढायचं होतं.

दोड्डप्पांनी खिशातून दुकानाच्या किल्ल्या काढल्या आणि टीपॉयवर पेढ्यांच्या पुड्याजवळ ठेवल्या. मग पलंगाच्या कडेवर बसले आणि अप्पांच्या मांडीवर हात ठेवून, लहान मुलाला समजावतात तशा आवाजात बोलायला लागले. "मल्लू, दुकान ह्यांना देऊ या. घरबसल्या भाडं येईल. गंगव्वाला नातेपुत्याचं स्थळ आलंय, चांगली माणसं हायत, ते बी ह्या उन्हाळ्यात उरकून टाकू. तुला कसली काळजी न्हाय. तू निवांत पड." गंगव्वा म्हणजे मी. माझ्या स्थळाची गोष्ट मी तिथं पहिल्यांदाच ऐकली. अप्पा टीव्हीकडं बघत होते की भावाकडं, ते मला दिसत नव्हतं. लोकांचा आरडाओरडा मोठा झाला म्हणून दोड्डप्पांनी हात लांब करून टीव्ही बंद केला. हॉल एकदम शांत झाला. नुसता कूलरचा आवाज.

"इल्ल."

कुणी म्हटलं ते आधी कळलंच नाही. दोड्डप्पांनी माझ्याकडं पाहिलं, मी स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. आमच्या घरात कानडी चालायची, दोड्डप्पा आणि अप्पा तर दोघंच असले की कानडीतच बोलायचे. इल्ल म्हणजे नाही. पण आवाज कुणाचाच नव्हता. खरखरीत, वर्षभर न उघडलेल्या शटरसारखा.

"इल्ल," अप्पा पुन्हा म्हणाले.

"मल्लू!" दोड्डप्पा उभेच राहिले. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आनंदच झाला होता त्यांना, आधी आनंदच झाला. "बोलला! अगं, बोलला ह्यो! लावतो रे बाबा, लावतो तुझी मॅच," असं म्हणत त्यांनी घाईघाईनं टीव्ही पुन्हा सुरू केला. मैदान आलं, तांबडे आले, लोक ओरडायला लागले. पण अप्पांनी तिकडं बघितलंच नाही. त्यांची नजर टीपॉयवरच्या किल्ल्यांवर होती. डावा हात उचलून त्यांनी किल्ल्यांकडं बोट केलं. मग मान वळवली, फार हळू, आणि त्या मोबाइलवाल्या गृहस्थांकडं बघितलं. त्या गृहस्थांना कानडी येत नाही, हे त्यांनी कसं ओळखलं देव जाणे. ओठ जुळवताना मानेच्या शिरा टरारून फुगल्या.

"न्हाय," ते म्हणाले.

एकच शब्द, दोन भाषांत. वर्षभरात साठवलेलं सगळं त्यात गेलं असावं, कारण नंतर ते उशीवर टेकले आणि धापा टाकायला लागले. ते गृहस्थ उठले. "राहू द्या. नंतर बोलू," म्हणाले, आणि पेढ्यांचा पुडा घ्यावा की ठेवावा ते न कळून तसेच निघून गेले.

दोड्डप्पांचा आनंद आता ओसरला होता. "अरे, पण चालवणार कोण?" ते भावाला म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. "तू? ह्या पलंगावरनं? मी किती पुरा पडू?"

अप्पांकडं आणखी शब्द नव्हता. ओठ हलले, पण काही आलं नाही. आणि तेव्हा अव्वा स्वयंपाकघरातून बाहेर आली. हाताला ज्वारीचं पीठ, पदर खांद्यावर. डोक्यावर घ्यायची तिला शुद्ध नव्हती, की तिनं घेतलाच नाही, हे मी तिला पुढं कितीदा विचारलं. ती हसून टाळायची. ती सरळ टीपॉयजवळ गेली, किल्ल्या उचलल्या आणि कमरेला खोचल्या.

"मी चालवणार," ती म्हणाली. "गंगू हाय संगं."

"बायकांनी दावी-कासरे इकायचे? बाजारात बसून?"

"गड्ड्यात इकले की." ती पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत बघून बोलत होती. "बैलानं इचारलं न्हाय, कुणी इकलं म्हणून."

मला हसू फुटलं आणि त्याच हसण्याच्या जोरावर मीही उठून उभी राहिले. "दोड्डप्पा, मला नातेपुत्याला जायचं नाही. मी बारावी करणार. सकाळी कॉलेज, दुपारनंतर दुकान." एकदा घरात नाही म्हणायला सुरुवात झाली होती, मग मी तरी मागं का राहू?

दोड्डप्पा चपला घालून जिना उतरले. मी खिडकीतून पाहिलं, तर खाली स्कूटरजवळ उभे राहून ते उपरण्यानं डोळे पुसत होते. रागानं की कशानं, ते मला तेव्हा कळलं नाही आणि नंतर विचारायचं धाडस झालं नाही. टीव्हीवर मॅच चालूच होती आणि तिच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. अव्वा पलंगावर बसून अप्पांना परत परत म्हणत होती, "म्हणा की. आणि एकदा म्हणा की." सोमवारी रेश्मा फाटकात उड्या मारत होती. "जीते गे तुमारे लाल! तू देखी नै क्या?"

"नै," मी म्हटलं. "हमारे घर में दुसरी मॅच थी."

त्याच सोमवारी दुकान उघडलं ते आजवर बंद झालेलं नाही. सोपं गेलं असं म्हणणार नाही. शेजारचे दुकानदार पहिले काही दिवस आमच्याकडं बघून खाकरायचे. हमाल अव्वाला ऐकू जाईल असे विनोद करायचे. एकजण तर तोंडावर म्हणाला, "वैनी, चटण्या-पापडांचं टाका, ते चालंल तुमाला." अव्वा म्हणाली, "चटणी मी घरी करते. तुमाला दोर पायजे तर बोला." सांगोल्याच्या त्या धनगरानं आपल्या भागातली गिऱ्हाइकं पाठवली. दक्षिणेकडून आलेली माणसं अव्वाशी कानडीत बोलायची आणि तिथंच रमायची. अप्पांचे शब्द थोडे थोडे वाढत गेले, फार नाही. पुरी वाक्यं त्यांना शेवटपर्यंत आली नाहीत. घरी गेल्यावर मी दोरांचे तुकडे त्यांच्या डाव्या हातात द्यायची. चांगला असेल तर ते अंगठ्यानं कुरवाळायचे, नाहीतर जमिनीवर फेकून द्यायचे. माल परत करायला तेवढं पुरायचं.

तांबड्यांची शेवटची मॅच आली तेव्हा उन्हाळा संपत आला होता. वर राहायचं तर जिंकायलाच हवं होतं. समोरची टीम पहिल्या नंबरासाठी खेळत होती, तिलाही जिंकणंच भाग होतं, म्हणून मॅच टीव्हीवर होती. आम्ही जेवणं लवकर उरकली. अव्वानं हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, केली होती, जणू घरातच काही कार्य आहे. दार उघडंच होतं. खेळ सुरू झाल्यावर दोड्डप्पा आले. भावाला बघायला ते अधूनमधून यायचे, अव्वाशी मात्र बोलायचे नाहीत आणि दुकानाकडं तर फिरकलेच नव्हते. ते दाराजवळच्या खुर्चीवर बसले. अव्वानं त्यांना हुग्गीची वाटी दिली. त्यांनी ती घेतली.

ती मॅच मला अजून चेंडूगणिक आठवते. समोरच्यांनी सारखे हल्ले केले आणि मामानं सारखे परतवले. छातीनं, गुडघ्यानं, एकदा तर तोंडानं. दुसऱ्या बाजूला तांबड्यांचा एक चेंडू खांबाला लागून परत आला तेव्हा अप्पा पलंगावरून पडता पडता राहिले. शेवटची मिनिटं तर बघवत नव्हती. शिट्टी वाजली तेव्हा दोन्हीकडं शून्य होतं. तांबडे खालच्या लीगमध्ये गेले. पण समोरच्यांचाही पहिला नंबर हुकला. त्यांची सगळी चमकदार पोरं गवतावर लोळून रडत होती.

"म्हंजे?" अव्वानं विचारलं. "आपले बुडाले, आणि त्यास्नी बी वर जाऊ दिलं न्हाय?"

"व्हय," मी म्हटलं.

अव्वा मांडीवर थाप मारून हसली. मामा मैदानाच्या मध्यभागी उभा होता. शर्टाला चिखल, एक डोळा सुजलेला. तांबड्यांचे लोक घरी गेले नव्हते. सगळेच्या सगळे उभे राहून गात होते, हरलेल्यांसाठी, आणि मामा दोन्ही हात वर करून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत होता. अप्पांनी डाव्या हातानं पलंगाच्या कठड्यावर ताल धरला. ठण, ठण, ठण.

दोड्डप्पा ते बघत होते. "हरलीत की रे ही," ते हळूच म्हणाले. "मग गातात कशाला?" या वेळी त्यांनी टीव्ही बंद करायला हात पुढं केला नाही. गाणं संपेपर्यंत बसले, वाटी रिकामी केली आणि गेले.

त्यानंतरच्या बाजारच्या दिवशी दुपारी दुकानात गर्दी नव्हती. मी घरून येऊन नुकतीच टेकले होते. समोर रस्त्याच्या पलीकडं दोड्डप्पा उभे दिसले. उन्हात, उपरणं डोक्यावर घेऊन. बराच वेळ आमच्या पाटीकडं बघत होते. मग रस्ता ओलांडून पायरीखाली येऊन थांबले. पोत्यांची तोंडं शिवायला त्यांना सुतळी लागायची, पण आजवर ते हमालाला पाठवायचे आणि तो लागेल तेवढी उचलून न्यायचा. भावाचंच दुकान, विचारायचं कशाला?

"सुतळी पायजे होती," ते वरच्या फळीकडं बघत म्हणाले.

अव्वानं पदर डोक्यावर घेतला. मग गल्ल्यावरून न उठता, कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, "बारीक दाखवू, का जाड?"

दोड्डप्पांनी पायरीखाली चपला काढल्या, वर आले आणि आमच्यासमोरच्या स्टुलावर बसले.

"दोन्ही दाखव," ते म्हणाले.